मेनफ्रेमचा चौकीदार आणि त्याच्या खिशातली चिठ्ठी: सिक्युरिटीची कॉन्फिग फाईल म्हणजे नेमकं काय?

वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर या भागातले पोट्टे इंजिनीअरिंग करतात, पुण्यात नोकरीला लागतात, तीन-चार महिने ट्रेनिंग होतं आणि मग प्रोजेक्ट वाटप होतं. कुणाला ॲप डेव्हलपमेंट मिळतं, कुणाला क्लाउड. आणि एखाद्याच्या वाट्याला येतं 'मेनफ्रेम सिक्युरिटी'. त्याच रात्री मेसेज येतो, "दादा, हे आजोबांच्या जमान्यातलं काम गळ्यात पडलं. करिअरचं वाटोळं झालं का?"

वाटोळं झालेलं नाही. पण हे काम काय आहे हे मराठीत कुणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख. तुम्ही आयटीत नसाल, फक्त फोन वापरत असाल, तरी वाचा. यातली मुख्य गोष्ट तुमच्या फोनलाही तशीच लागू पडते.

मेनफ्रेम अजून आहे का?

आहे. मेनफ्रेम म्हणजे एकाच वेळी हजारो लोकांचे व्यवहार न थांबता करणारा मोठा कॉम्प्युटर. आयबीएमची 'झेड' मालिका आज जास्त दिसते, आणि त्यावरची मुख्य ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे झेड/ओएस. अमेरिका-युरोपातल्या बड्या बँका, विमा कंपन्या आणि कार्ड नेटवर्क अजून यावरच चालतात. व्हिसाचं कार्ड तुम्ही वाशिमच्या दुकानात टॅप केलं, तरी ती 'हो का नाही' ची विचारणा जगात कुठेतरी अशा मशीनपर्यंत जाऊ शकते. भारतातल्या बऱ्याच बँकांचं कोअर बँकिंग मात्र युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हरवर असतं. म्हणजे तुमच्या जिल्हा बँकेतलं सोयाबीनचं पेमेंट मेनफ्रेमवर आहे असं समजू नका.

पुण्यात हे काम भरपूर आहे. २००० सालच्या वायटूकेच्या आधी परदेशी कंपन्यांचे जुने कोबोल प्रोग्राम दुरुस्त करायचं काम भारतात आलं, आणि त्या निमित्ताने मेनफ्रेम सांभाळणारी एक अख्खी पिढी इथे तयार झाली. मेनफ्रेमची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बीएमसीचंही पुण्यात मोठं केंद्र आहे. (मुंबई महापालिका नव्हे. ही कंपनी वेगळी!)

चौकीदार कोण?

झेड/ओएसवर कोण लॉगिन करणार, कोण कुठली फाईल वाचणार, कोण बदलणार, हे ठरवणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं. बाजारात मुख्य तीन आहेत. आयबीएमचं रॅकफ १९७६ मध्ये आलं. एसीएफ-टू १९७८ चं. तिसरं टॉप सीक्रेट. शेवटची दोन्ही नंतर सीए कंपनीकडे होती, आणि २०१८ मध्ये ब्रॉडकॉमने सीए विकत घेतली तेव्हा ती ब्रॉडकॉमकडे गेली.

बाजार समितीचं गेट डोळ्यापुढे आणा. गेटवर धडधाकट चौकीदार आहे. कुणाला सोडायचं, कुणाला नाही, हे तो मनाने ठरवत नाही. त्याच्या खिशात एक चिठ्ठी आहे, तिच्यात लिहिलंय तसं तो वागतो. आता रात्री कुणी येऊन चिठ्ठीतली एकच ओळ बदलली: 'पास नसेल तरी सोड, फक्त वहीत नाव लिही.' सकाळी गेट तेच, चौकीदार तोच, वहीसुद्धा रोजच्यासारखी भरतेय. पण आत कोणीही जातंय.

ही चिठ्ठी म्हणजे कॉन्फिग फाईल. वरचं उदाहरण काल्पनिक वाटेल, पण टॉप सीक्रेटमध्ये हुबेहूब अशी एक सेटिंग आहे. तिचं नाव 'मोड', आणि तिच्या चार पायऱ्या आहेत. 'डॉर्मंट' म्हणजे सॉफ्टवेअर बसवलंय, पण झोपलेलं. 'वॉर्न' म्हणजे नियम मोडला तर नोंद करायची, इशारा द्यायचा, पण अडवायचं नाही. 'इम्प्लिमेंट' म्हणजे ज्यांची नोंदणी झालीये त्यांना नियम लागू, बाकीच्यांचं हळूहळू बघू. आणि 'फेल' म्हणजे नियम मोडला की दार बंद. एसीएफ-टूमध्ये हेच क्वाएट, लॉग, वॉर्न आणि ॲबॉर्ट अशा नावांनी येतं. रॅकफमध्ये एखाद्या फाईलच्या प्रोफाईललाच 'वॉर्निंग' लावता येतं. लावलं की परवानगी नसलेला माणूसही ती उघडू शकतो, फक्त लॉगमध्ये एक ओळ पडते.

वॉर्न मोड वाईट हेतूने बनवलेला नाही. नवीन नियम लावताना कुणाचं काम अडेल ते आधी बघायला तो लागतोच. रात्री दोन वाजता पगाराचा जॉब अडकला, तर तात्पुरतं वॉर्नवर टाकून काम पुढे ढकलतात. अडचण 'तात्पुरतं' या शब्दात आहे. आपल्याकडे तात्पुरता टाकलेला टिनाचा शेड वीस वर्षं उभा असतो, तसंच हेही राहून जातं. त्यातून टॉप सीक्रेटमध्ये मोड अख्ख्या सिस्टिमला एक आणि एखाद्या 'फॅसिलिटी'ला दुसरा असू शकतो. म्हणजे वरवर बघितलं तर सिस्टिम 'फेल' वर, सगळं छान. पण ऑनलाइन व्यवहार चालवणारी एखादी फॅसिलिटी आतल्या ओळीत 'वॉर्न' वर पडलेली. ऑडिटरने पहिली ओळ बघून टिक मारली की संपलं.

फाईलमधलं खरं की मशीनमधलं?

माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. नवीन माणूसही बहुतेक इथेच गोंधळतो.

टॉप सीक्रेट सुरू होताना एक पॅरामीटर फाईल वाचतं. साधा मजकूर असलेली फाईल, तिच्यात मोड, पासवर्डचे नियम, लॉग कशाचे ठेवायचे वगैरे. मशीन चालू असताना सेटिंग बदलायची असेल तर 'टीएसएस मॉडिफाय' अशी कमांड देता येते, आणि बदल लगेच लागू होतो. पण फाईल तशीच राहते. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर सुरू झालं की ते परत फाईल वाचतं आणि तुमचा बदल उडून जातो.

उलटंही होतं. फाईलमध्ये बदल केला, सेव्ह केला, पण चालू मशीनला त्याचा पत्ताच नाही.

फोनवर एखादी सेटिंग रिस्टार्टनंतर जुन्यावर गेली तर आपण वैतागून परत लावतो, विषय संपला. कारण फोन आपण हवा तेव्हा रिस्टार्ट करतो. मेनफ्रेम रिस्टार्ट करणं, ज्याला तिथे 'आयपीएल' म्हणतात, ही कित्येक ठिकाणी दोन-तीन महिन्यांतून एकदा होणारी गोष्ट. म्हणजे आज फाईलमध्ये झालेली चूक महिनोन्महिने गुपचूप पडून राहते. मग एखाद्या रविवारी आयपीएल होतं आणि ती जागी होते. ज्याने बदल केला त्याने तोपर्यंत कंपनी बदललेली असते. आणि ज्याने घाईत मॉडिफाय कमांड देऊन एक भगदाड बुजवलं होतं, पण फाईलमध्ये लिहिलं नव्हतं, त्याचं भगदाड त्याच सकाळी पुन्हा उघडतं. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. घरचे पोहे खात असतात आणि तुम्ही व्हीपीएन लावून कन्सोलकडे बघत बसता. वर लाईट गेली तर वेगळीच मजा!

म्हणून चांगली टीम दोन्ही बाजू ताडून बघते. टॉप सीक्रेटमध्ये मॉडिफायला 'स्टेटस' जोडून चालू सेटिंग्ज काढायच्या, रॅकफमध्ये 'सेटरॉप्ट्स लिस्ट', आणि हे निकाल मंजूर केलेल्या कागदाशी ओळीनिशी जुळवायचे. कंटाळवाणं काम आहे, पण स्क्रिप्ट लिहून रोज करून घेता येतं. फ्रेशर म्हणून टीममध्ये छाप पाडायची असेल तर पहिल्या महिन्यात हीच स्क्रिप्ट लिहा.

बाकी दोघांची पद्धत थोडी वेगळी. एसीएफ-टूमध्ये अशा सेटिंग्ज 'जीएसओ' नावाच्या नोंदींमध्ये त्याच्या स्वतःच्या डेटाबेसात असतात. नोंद बदलल्यावर 'रिफ्रेश' द्यावं लागतं, नाहीतर जुनंच चालू राहतं. रॅकफचे बहुतेक पर्याय त्याच्या डेटाबेसात राहतात. पण तो डेटाबेस कुठल्या नावाने कुठे ठेवलाय हे बाहेर सांगावं लागतं. पूर्वी त्यासाठी असेंबलीत टेबल लिहून जोडावं लागायचं. झेड/ओएस २.३ पासून ते पार्मलिबमधल्या साध्या मजकुरात लिहिता येतं. तो डेटाबेसच हाताशी नसेल तर रॅकफ 'फेलसॉफ्ट' अवस्थेत जातं आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर विचारणा येऊ लागतात: अमुक माणसाला अमुक फाईल द्यायची का? हो का नाही? ऑपरेटर बिचारा एकटा, आणि विचारणा एकामागून एक. अशा वेळी सुरक्षा म्हणजे त्याची बोटं किती वेगाने चालतात तेवढीच.

एक स्वल्पविराम

पार्मलिब म्हणजे झेड/ओएसच्या कॉन्फिग फाईल्सचं कपाट. तिथल्या 'आयईएसिस' फाईल्स आयपीएलच्या वेळी वाचल्या जातात. त्यांचे दोन नियम ऐकून विश्वास बसणार नाही. ओळीचे पहिले ७१ रकानेच वाचले जातात. ७२ ते ८० मध्ये काहीही लिहा, सिस्टिम बघत नाही. हा ८० रकान्यांचा हिशेब पंचकार्डांच्या काळापासून चालत आलाय. दुसरा नियम म्हणजे पुढे अजून मजकूर आहे हे सांगायला ओळीच्या शेवटी स्वल्पविराम लागतो. ज्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम नाही, तिथे फाईल संपली असं सिस्टिम धरते. खालच्या दहा ओळी तुम्हाला दिसतात, तिला दिसत नाहीत.

म्हणून तिथे फाईलच्या नावाच्या शेवटी दोन अक्षरं ठेवायची सोय आहे. ००, ०१, ०२ अशी. चालू असलेल्या ०० ला हात लावायचा नाही. प्रत करून ०१ बनवायची, बदल तिच्यात करायचा, दुसऱ्या माणसाने वाचायचा, आधी टेस्ट सिस्टिमवर चालवायचा. बिघडलं तर पुन्हा ०० घेऊन उभं राहायचं. गिटच्या कितीतरी आधीचं हे साधं व्हर्जन कंट्रोल आहे. आता बऱ्याच टीम फाईल्स गिटमध्येही ठेवतात, आणि २०१८ मध्ये आलेल्या 'झोवे' या ओपन सोर्स प्रकल्पामुळे लॅपटॉपवरून कमांड लाईनने मेनफ्रेमच्या फाईल्सपर्यंत पोचता येतं. पण दुसऱ्या माणसाने वाचायचं काम कुठल्याही टूलने संपवलेलं नाही.

चिठ्ठीला हात कोण लावू शकतं, हेही तेवढंच महत्त्वाचं. ज्या डेटासेटमध्ये कॉन्फिग आहे त्यावर लिहायची परवानगी मोजक्या लोकांना हवी, आणि वाचायचीही सगळ्यांना नको. रॅकफच्या डेटाबेसाबाबत तर नक्कीच नको. २०१२ मध्ये स्वीडनमध्ये लॉजिका कंपनीच्या मेनफ्रेममध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं. तिथे सरकारी खात्यांची माहिती ठेवलेली होती. घुसखोरांनी रॅकफ डेटाबेसाची प्रत बाहेर नेली आणि घरबसल्या पासवर्ड फोडले. या प्रकरणात पायरेट बे या साईटच्या संस्थापकांपैकी एक, गॉटफ्रिड स्वार्थोल्म, याला २०१३ मध्ये शिक्षा झाली. रॅकफमधले पासवर्ड तेव्हा डीईएस या जुन्या पद्धतीने ठेवलेले असायचे, जी आजच्या संगणकांपुढे टिकत नाही. आयबीएमने नंतर केडीएफएईएस ही भक्कम पद्धत आणली. पण ती आपोआप लागू झाली नाही. 'सेटरॉप्ट्स'मध्ये कुणीतरी ती चालू करावी लागते. पुन्हा तेच, एक ओळ.

आणि वही विसरू नका. रॅकफच्या घटना 'एसएमएफ' नावाच्या लॉगमध्ये ८० क्रमांकाच्या नोंदी म्हणून जातात. कुठल्या क्रमांकाच्या नोंदी ठेवायच्या हे ठरतं आणखी एका पार्मलिब फाईलमध्ये. तिथून ८० वगळला तर चौकीदार आपलं काम करतोय, पण वही कोरी. चोरी झाल्यावर पोलिसांना दाखवायला काहीच नाही.

पुण्यात घडलेली गोष्ट

आपल्या राज्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मेनफ्रेमवरचं नाही, पण मुद्दा कळायला उपयोगाचं आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघू लागले. भारतातही निघाले, कोल्हापुरातसुद्धा. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून आणखी रक्कम हाँगकाँगच्या खात्यात गेली. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर.

एरवी तुम्ही एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या एटीएम स्विचकडे जाते, तो कोअर बँकिंगला विचारतो की खात्यात पैसे आहेत का, आणि उत्तर परत येतं. इथे मालवेअरने मध्येच एक बनावट स्विच उभा केला. विचारणा त्याच्याकडे जायची आणि तो सरळ 'मंजूर' म्हणायचा. कोअर बँकिंगला विचारलंच जात नव्हतं. कुलूप फोडायची गरज पडली नाही, कारण कुलपापर्यंत कुणी गेलंच नाही. या प्रकरणात २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ही मंडळी प्रामुख्याने एटीएममधून पैसे काढणाऱ्या साखळीतली होती.

मेनफ्रेम असो वा साधा सर्व्हर, विचारणा कुठे जाते, उत्तर कोण देतं आणि त्या वाटेत रातोरात काही बदललं का, हे कुणीतरी रोज बघत असावं लागतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. हल्ला शनिवारी झाला हा योगायोग असावा असं मला तरी वाटत नाही.

आता तुमच्या खिशातली चिठ्ठी

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही असा चौकीदार आहे. प्ले स्टोअरच्या बाहेरचं ॲप आलं की तो अडवतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने 'एपीके' फाईल येते, कधी पीएम किसानच्या नावाने, कधी आरटीओच्या चलानच्या नावाने. पाठवणारा तुमच्या फोनचं कुलूप फोडत नाही. तो तुमच्याचकडून चिठ्ठी बदलून घेतो: 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करू द्या' चालू करा, मग एसएमएस वाचायची परवानगी द्या, मग ॲक्सेसिबिलिटी. तीन टॅप झाले की ओटीपी त्याच्याकडे.

आज एवढं करा. सेटिंग्जमध्ये 'अनोळखी ॲप' शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर यांपुढे काय लिहिलंय ते बघा. कधीतरी 'तात्पुरतं' चालू केलेलं काहीतरी सापडेल. ॲक्सेसिबिलिटीची यादीही बघा. घरात आई-बाबांचा फोन असेल तर तो आधी. मोठ्या बँकेतली टीम ताडून बघते ते हेच, फक्त तिथे ओळी जास्त असतात.

शिकायचं असेल तर

मेनफ्रेम विकत घ्यायला लागत नाही. आयबीएमचा 'झेड एक्सप्लोर' हा मोफत कार्यक्रम खऱ्या झेड/ओएसवर खातं देतो. लॅपटॉप आणि बरं नेट पुरतं. पण सिक्युरिटीच्या फाईल्स स्वतः उघडून, मोडून बघायच्या असतील तर दुसरा रस्ता जास्त मजेशीर आहे. 'हर्क्युलिस' हा मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम मोफत मिळतो, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्यावर एमव्हीएस ३.८ जे ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. 'टीके-४' नावाचा तयार संच मिळतो, त्यात सगळं लावूनच दिलेलं आहे.

त्या संचात रॅकफच्या धर्तीवर बनवलेलं 'रॅकएफ'चं धाकटं भावंड आहे, नाव आरएकेएफ. याची गंमत अशी की त्याचे सगळे नियम दोन साध्या मजकूर फाईल्समध्ये असतात. एकात युजर, दुसऱ्यात कोणत्या फाईलवर कोणाला काय परवानगी. आधी दोन्ही फाईल्सची प्रत काढून ठेवा. मग परवानग्यांच्या फाईलमध्ये एका टेस्ट डेटासेटसाठी एका युजर-ग्रुपचा हक्क 'रीड' वरून 'नन' करा आणि सेव्ह करा. त्या ग्रुपमधल्या युजरने लॉगिन करून डेटासेट उघडा. उघडेल! कारण फाईल बदलली, पण मशीनने ती अजून वाचलेली नाही. आता कन्सोलवरून परवानग्या पुन्हा वाचायची कमांड द्या आणि परत उघडून बघा. मजकूर रकान्यांत बरोबर बसवलेला असेल तर दार बंद होईल. एक अक्षर सरकलं असेल तर काय होतं, तेही एकदा मुद्दाम करून बघा.